साठच्या आत, पासष्टच्या वर

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७
खतवाल्या एजंटने दिलेली डायरी कोरी पडून होती. आजपासून रोज लिहिणार. मोठ्या टीमचे कोच लिहितात म्हणे.

काल आमच्या पोंभुर्ण्याच्या वाघोबा कबड्डी मंडळाचे ऊर्जानगरच्या ज्वाला मंडळाशी अ‍ॅफिलिएशन झाले. ते मोठे, आपण धाकटे. त्यांच्याकडून एक वापरलेली मॅट, दहा जोड बूट आणि त्यांचा एक शिकाऊ पोरगा आपल्याकडे खेळायला. आपल्याकडून त्यांना आपला सर्वांत चांगला रेडर. म्हणजे स्वप्निल, वय एकोणीस.

त्यांचे कोच श्रीहरी सर म्हणाले, "देवाजीभाऊ, जिंकणं-हरणं मागून. पोरं घडली पाहिजेत." मी म्हणालो, अगदी माझ्या मनातले बोललात. मनात गोविंदराव स्मृती चषक होता. अकरा वर्षे तो दुसऱ्याच्या टेम्पोतून जाताना बघतो आहे.

चषक २७ डिसेंबरला. त्यात साठ किलोच्या आत वजन लागते. ज्वालाची निवड चाचणी ४ जानेवारीला. त्यांची टीम वरच्या गटात खेळते, तिथे पासष्ट तरी पाहिजे. निवड झाली तर स्वप्निलची राहण्या-जेवणाची सोय, शिवाय तिथूनच आयटीआय. त्याची आई कुंताबाई तलावात मासे धरते. तिने त्याची पेटी आतापासूनच घासूनपुसून उन्हात ठेवली आहे.

स्वप्निल आज ६२.३. आधी उतरवू, मग चढवू. दोन्ही होईल. राइस मिलमध्ये बावीस वर्षे मी काट्यावर आहे. वजनाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये.

संकल्प: रोज पाचला उठून पोरांबरोबर धावणे. तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद.

११ नोव्हेंबर
उठलो नाही. थंडी. तसेही कोचने बाहेरून बघायचे असते.
खर्रा अर्धाच खाल्ला. उरलेला अर्धा दुपारी.

१६ नोव्हेंबर, रविवार
ऊर्जानगरहून शिकाऊ पोरगा आला. चैतू. बावन्न किलो, गुडघे मोठे, बाकी काही नाही. कराराप्रमाणे त्याला प्रत्येक मॅचमध्ये अर्धा वेळ खेळवायचे. पहिल्या चढाईत तो स्वतःच्याच बुटात अडखळून पडला. बघू.

त्याच्याबरोबर सरांनी अंड्यांचे दोन ट्रे पाठवले. दर रविवारी येणार. स्वप्निलला रोज सहा अंडी, दूध, केळी. "महिनाभरात अंग भरलं पाहिजे." अंडी माझ्या घरी राहणार, बायको इंदू उकडून देणार, मी प्रॅक्टिसला नेऊन देणार. देखरेख माझी.

पण चषकापर्यंत त्याला अंडी देऊन चालणार नाही. आणि अंडी काही चषकापर्यंत टिकणार नाहीत. इंदू खात नाही. अन्न वाया गेलेले मला बघवत नाही. ग्राउंडवर पोचेपर्यंत चार खाल्ली.

२० नोव्हेंबर
मिलचा सीझन सुरू. काट्यात दरवर्षीप्रमाणे पोत्याचे वजन भरले. आता रिकामा काटा उणे सातशे ग्रॅम दाखवतो आणि वर पोते ठेवले की नुसत्या धानाचे वजन येते. शेतकऱ्याशी वाद नाही. ही पद्धत इथे मीच बसवली.

सुट्टी झाल्यावर स्वप्निलला चढवले. ६१.४. दहा-अकरा दिवसांत नऊशे ग्रॅम खाली, तेही अजून काही न करता. शिस्तीचा परिणाम.

३० नोव्हेंबर, रविवार
माजरीला मॅच. जिंकलो. स्वप्निलचे अकरा पॉइंट. चैतूला अर्धा वेळ द्यायचा होता, पण मॅच टाइट होती. मग मॅच हातात आली तेव्हा संपायला दोनच मिनिटे होती, कशाला उगीच. पोरगा बूट घालून शेवटपर्यंत बसून राहिला. बसण्यातूनही अनुभव मिळतो.

२ डिसेंबर
सरांचा फोन. चैतूच्या खेळाचा व्हिडिओ पाठवा. दुपारी शाळेच्या ग्राउंडवर चैतूला एकट्याला पळवले आणि पाठवला. सरांनी विचारले, समोरची टीम कुठे आहे? म्हणालो, फ्रेममध्ये बसली नाही. फोन कट झाला. रेंजचा प्रॉब्लेम असावा.

७ डिसेंबर, रविवार
स्वप्निल ६०.८. सकाळी धावणे, दुपारी एक भाकर, संध्याकाळी पातळ वरण. पोरगा कुरकुर करत नाही. फक्त हल्ली चढाईवरून आला की मॅटच्या कडेला बसतो.

कुंताबाई मिलमध्ये आली. हातात मासळीची टोपली, तशीच दारात उभी. म्हणाली, "देवाजीभाऊ, माह्या पोराले काऊन सुकवून राह्यले? त्या सरानं त अंग भरा म्हणलं होतं."

मी समजावले की बाई, धान आधी उन्हात वाळवतात, मगच त्याची किंमत येते.

"वायलं धान कमीच भरते, भाऊ," म्हणाली. "तुमीच त मोजता."

खेळातले बायकांना सांगून उपयोग नसतो. जाताना तिने पानात बांधलेले दोन मासे दिले, स्वप्निलसाठी. मेहनतीने वजन उतरवलेल्या पोराला मासे कसे देणार? रस्सा चांगला झाला होता.

१४ डिसेंबर, रविवार
६०.३. बेत बरोबर चालला आहे.

इंदू मिलमध्ये डबा घेऊन आली. काट्याकडे बघत म्हणाली, "काऊन जी, वर काईच नाई तरी हा उणे काऊन दाखवते?" मी म्हणालो, धंद्याचा काटा आहे, तुला नाही कळणार. म्हणाली, "नाई कळत त नाई कळत. तुमी पॅन्टची हुक काऊन उघडी ठेवली?"

पॅन्ट धुऊन आटली आहे. हल्ली कापड चांगले येत नाही.

संकल्प: उद्यापासून धावणे. खर्रा चषकानंतर बंद. अशा टेन्शनमध्ये सवय मोडली तर तब्येतीवर परिणाम होतो.

२१ डिसेंबर, रविवार
५९.९!
स्वप्निलला पेढा दिला. त्याने हातात धरून विचारले, "काका, आठ दिवसांत पाच किलो खरंच वाढन का जी?" मी सांगितले, २७ला वजन झाले की सुरू. रोज सहाशे-सातशे ग्रॅम. केळी, दूध, भात. दोन-तीन केळ्यांत तर चारशे ग्रॅम होतात. म्हणाला, "अन् नाई वाढलं त?" मी म्हणालो, माझ्यावर विश्वास ठेव. त्याने मान हलवली आणि पेढा परत दिला. म्हणाला, वजनानंतर खाईन.

या पोराचा मला खरेच अभिमान वाटतो.

२६ डिसेंबर, शुक्रवार
५९.६. चारशे ग्रॅम हातात. उपाशी पोटी पोरगा खेळेल कसा? घरी बोलावून भात, वरण, दोन अंडी खाऊ घातली. स्वप्निलने ताटही पुसून खाल्ले. इंदू त्याच्याकडे बघत राहिली, मग आत जाऊन आणखी भात घेऊन आली. पुन्हा मिलमध्ये नेऊन चढवले. ५९.७५. बसतो आरामात.

उद्या.

२७ डिसेंबर, शनिवार. दुपार
लिहावेसे वाटत नाही.

शाळेच्या व्हरांड्यात वजन होते. स्वप्निल चढला. ६०.४५. मी म्हणालो, तुमचा काटा बिघडला आहे. त्यांनी वीस किलोचे माप ठेवून दाखवले. बरोबर वीस. मी म्हणालो, मापही बिघडू शकते. बावीस वर्षे काट्यावर आहे, मालकाला फोन करून मिलचाच काटा आणवतो, दूध का दूध होऊन जाऊ द्या. टेम्पोतून काटा आणला. व्हरांड्यात मांडला. वीसेक टीमची पोरे, पंच, गावकरी, सगळे गोल करून उभे. श्रीहरी सरही आले होते.

प्लग लावला. रिकामा काटा. उणे सातशे.

मग आमच्या मिलमध्ये धान आणणारे लच्छूभाऊ पुढे वाकले आणि म्हणाले, "देवाजीभाऊ, हा त बोऱ्याचा काटा होय. पोराले बोऱ्यात घालून आणाचा होता, बसला असता."

सगळे हसले. पंचही हसले. स्वप्निल हसला नाही. तो आकड्याकडे बघत होता.

एक तास मिळाला. दोन स्वेटर घालून त्याला ग्राउंडभोवती पळवले. न्हावी बोलावून केस उतरवले. केसांना काही वजन नसते, हे मला आज कळले. पुन्हा चढवला. ६०.१५. टकला, घामाने निथळणारा, ओठ पांढरे. बाद.

जागेवर चैतू. दुसरे होतेच कोण?

२८ डिसेंबर, रविवार
फायनलला पोचलो. चैतूमुळे. काल आणि आज मिळून तेवीस पॉइंट. बावन्न किलोचा असल्याने कोणाच्या हातातच लागत नाही. बूट एक नंबर मोठे होते, म्हणून तो पडायचा. ते त्याने काल स्वतःच सांगितले. मी दीड महिना विचारले नव्हते.

फायनलमध्ये एका पॉइंटने मागे, शेवटची चढाई. चैतू लाइनवर उभा होता. मी त्याला थांबवून आमच्या जुन्या कॅप्टनला पाठवले. अशा वेळी अनुभव लागतो. कॅप्टन सात सेकंदांत पकडला गेला. वय चौतीस.

बारावे वर्ष.

चैतूने बूट काढता काढता विचारले, "काका, इतके दिवस मले बाहेर काऊन बसवलं?" मी म्हणालो, तुला घडवत होतो. श्रीहरी सर मागेच उभे होते. त्यांनी चैतूला आपल्या गाडीत बसवून नेले. मला म्हणाले, "चार तारखेला स्वप्निलला आणा. बघू."

३१ डिसेंबर
स्वप्निल खातो आहे. केळी, दूध, भात, अंडी. मी आता एकही खात नाही, सगळी त्याला. रात्रीचे अर्धे उलटून पडते, असे कुंताबाई म्हणाली. महिनाभर आखडलेले पोट एकदम कसे उघडेल, असेही म्हणाली. खेळातले तिला कळत नाही, असे मी म्हणालो होतो.

४ जानेवारी, रविवार
सकाळच्या बसने ऊर्जानगर. स्वप्निलने पेटी बरोबर घेतली होती. मी म्हणालो, नुसती चाचणी आहे, पेटी कशाला? म्हणाला, "आईनं भरली."

६१.२.

सरांनी तरीही मॅटवर घेतले. तीन चढाया. तिसरीत त्यांच्या सत्तर किलोच्या कोपरारक्षकाने धरला, तर उठायला वेळ लागला. सरांनी मला बाजूला नेले. म्हणाले, "पोरगा चांगला आहे, देवाजीभाऊ. पण ह्या वजनात इथं त्याची हाडं मोडतील. नोव्हेंबरमध्ये बासष्टचा होता ना? दोन महिने अंडी खाऊन एकसष्ट कसा झाला?"

मी काट्याचा काहीतरी प्रॉब्लेम सांगितला.

पोंभुर्णा येईपर्यंत पेटी स्वप्निलच्या मांडीवर होती. वर ठेव म्हटले तर ठेवली नाही.

११ जानेवारी, रविवार. दुपारी ३
कुंताबाई मिलमध्ये आली. कापणीच्या मजुरीचे एक पोते धान. स्वप्निलने उचलून काट्यावर ठेवले. डोक्यावर बारीक केस आले आहेत. आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितले. आज काटा बरोबर होता. पोत्यासाठी तो नेहमीच बरोबर होता.

कुंताबाई म्हणाली, "पुढच्या साली बी चाचणी घेते का जी, तो सर?" चिडली नाही. चिडली असती तर बरे झाले असते. मी म्हणालो, घेतो. म्हणाली, "मंग हे साल मीच जेवू घालतो त्याले." पोते स्वप्निलच्या खांद्यावर गेले आणि दोघे गेले.

मिलमध्ये कोणी नव्हते. काटा झीरो केला. चढलो. ७७.४. उतरलो, पुन्हा झीरो करून चढलो. ७७.४. नोव्हेंबरमध्ये बहात्तर होतो. अ‍ॅफिलिएशनमध्ये अंग भरलेला एकटा मीच.

स्वप्निलची जागा गेली, ती माझ्यामुळे गेली. चषकासाठी मी त्याला उपाशी ठेवले आणि चषकही आला नाही. हे तोंडाने म्हणणे मला जमणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

चैतू परत गेला तरी सरांनी आज अंड्यांचे ट्रे पाठवले. सोबत चिठ्ठी: स्वप्निलसाठी. 'स्वप्निल'खाली दोनदा रेघ.

उद्यापासून अंडी थेट कुंताबाईच्या घरी पोचवणार. इंदूला सांगितले, उकडू नको. कच्चीच नेतो.