उत्तराच्या शाळेचं काय ठरलं

ती. कुंदाताई,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर वाकू देते तेवढाच). तुझे गुडघे कसे आहेत? कुडाळात ऊन फार असेल, छत्री घेतल्याशिवाय बाजारात जाऊ नकोस. आम्ही चारकोपला ठीक आहोत. फोनवर बोलायचं सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्येच प्रश्न विचारतेस आणि मग मला सांगायचं ते राहून जातं, म्हणून.

विषय उत्तराच्या शाळेचा. अंधेरीच्या त्या मोठ्या शाळेत तिला प्रवेश मिळाला तेव्हा सुलक्षणाने अख्ख्या सोसायटीला पेढे वाटले होते (वरच्या मजल्यावरच्यांना दोनदा, कारण त्यांचा मुलगा नापास झाला होता). तिला स्वतःला दहावीनंतर घरी बसवलं होतं, तेव्हा तिच्या आनंदाला मी कुठे अडवणार? पण पोरीला सातवीपासून काही जमेना. घरी फडाफडा बोलणारी मुलगी वर्गात तोंड उघडेना. ज्वालामुखीचं प्रोजेक्ट आम्ही दोघांनी मिळून केलं, त्यात स्वयंपाकघराचा ओटा लाल झाला तो अजून लालच आहे. ज्वालामुखीला शाबासकी मिळाली, पण बाईंनी इंग्रजीत माहिती विचारल्यावर उत्तरा नुसती उभी राहिली. पालकसभेत मॅडम गोड हसून म्हणाल्या, शी इज अ लेट ब्लूमर. मला फक्त फुलाचं कळलं, मी दोन्ही हात जोडून थँक्यू म्हणालो. बाहेर आल्यावर सुलक्षणाने अर्थ सांगितला, उशिरा फुलणारी, म्हणजे मागे पडलेली.

मग सोमवार आला की तिचं पोट दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. आम्हाला हायसं वाटलं, ताई! पोटात नाही तर दुखतंय कुठे, हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही.

त्या शाळेचं मोबाइलवर एक ॲप आहे. ते दिवसभर टिंग टिंग करतं. उद्या पिवळा टीशर्ट, परवा फळांचं सॅलड, केस वाढलेत, नखं वाढलीत. मी बघायचंच सोडून दिलं होतं. गेल्या महिन्यात एकदा कारखान्यात पॅकिंगची गडबड चालू असताना ते असंच वाजलं आणि मी सवयीने बंद केलं. आपला पाल्य आज गैरहजर आहे, असं त्यात होतं. दुपारी अनोळखी नंबरवरून एका बाईचा फोन आला. "ओ, उत्तराचे पप्पा ना? तुमची पोरगी इकडं मढला बसलीय, सकाळधरनं. गळ्यातल्या कार्डावर नंबर बघितला. रागावणार असाल तर येऊ नका."

स्कूलबसने शाळेच्या दारात सोडलं, ही आत न जाता सरळ चालत वर्सोव्याला गेली आणि होडीत बसून खाडीपलीकडे मढच्या कोळीवाड्यात उतरली. मी मार्व्याच्या रस्त्याने रिक्षा करून गेलो. वाटेत मनात मोठं भाषण तयार केलं (त्यात शिस्त होती, आईबापाचे कष्ट होते, तुझंही नाव दोनदा होतं). पोचलो तर उत्तरा शाळेचा टाय खांद्यावर टाकून त्या फोनवाल्या लताबाईंबरोबर दोरीवर बोंबील वाळत घालत होती. मला बघितल्यावर तिचे हात थांबले. भाषणातला एक शब्द आठवेल तर शपथ.

"बाबा, आई ओरडेल?"

"ओरडेल. पण आधी रडेल."

तिने पुढचा बोंबील उचलला. मी म्हटलं, "शाळेत जायचं ना, बाळा?"

"आज, की रोज?"

लताबाईंनी मला एक बोंबलांची टोपली दिली आणि म्हणाल्या, उभे काय राहिलात, लावा. मीही लावले. एकही सरळ लागला नाही. उत्तरा हसली नाही, पण सगळे परत नीट लावून दिले.

मग शाळेत बोलावून प्रिन्सिपॉल बाईंनी आम्हाला चहा दिला आणि सांगितलं, राहायचं असेल तर आठवी पुन्हा करावी लागेल. सुलक्षणा भांडली. पुन्हा करेल, म्हणाली, माझी मुलगी हरणार नाही. घरी येऊन युनिफॉर्मला इस्त्री करायला बसली. एक बाही झाली आणि तिने इस्त्री बंद केली. म्हणाली, "अहो, मी हे कोणासाठी करतेय?" मग तो शर्ट तसाच घडी घालून ठेवून दिला.

जूनपासून उत्तरा इथल्याच, चालत जायच्या शाळेत जाणार. मला वाटलं, ऐकून नाचेल. ती भिंतीकडे तोंड करून रडली. "म्हणजे मला नाहीच जमलं ना?" मी म्हटलं, वेडे, शाळेला तू जमली नाहीस. ती आणखीच रडली (समजूत काढणं मला कधी जमलंय?). ठरवलं ते बरोबर की चूक, कळत नाही. पोट मात्र दुखायचं थांबलंय. आता ती फार कमी बोलते, घरीसुद्धा.

तुझा,
देवेश

ता. क. : मे महिन्यात तिला तुझ्याकडे पाठवू का? खरं म्हणजे एवढंच विचारायचं होतं. तू तीस वर्षं मुलांना शिकवलंस, म्हणूनच भीती वाटते. तिला काही शिकवू नकोस.

दुसरा ता. क. : सुलक्षणा म्हणते, निदान अपूर्णांक तरी घ्या, असं लिहा. लिहिलं. तू वाचू नकोस.

तिसरा ता. क. : उत्तराने आत्ताच विचारलं, आत्या टक्के विचारेल का? मी छातीवर हात ठेवून नाही म्हणालोय. सांभाळून घे गं.