बॅगेतला बिल्ला

प्रिय अवंती,

मला टोकियोहून परत येऊन दहा दिवस झाले. तुझी आई नर्मदेवर, ग्वारीघाटावर गेली आहे, तेवढ्यात लिहून घेतो. फोनवर बोलताना ती शेजारीच असते. हल्ली पहाटे साडेचारला मला आपोआप जाग येते. तुझ्याकडे तेव्हा आठ वाजतात आणि तू ऑफिसला जायच्या लोकल गाडीत चढत असतेस. मग झोप लागत नाही.

ती गाडी मी एकदाच पाहिली, पण पुरली. पेटीत रजई कोंबावी तसं फलाटावरच्या त्या पांढऱ्या हातमोजेवाल्याने आपल्याला आत कोंबलं. एवढी माणसं, आणि कोणी चकार शब्द काढत नव्हतं. एका मुलीने मला म्हातारा पाहून राखीव जागा दिली आणि मी ऐटीत बसलो. तुझी बॅग माझ्या नाकासमोर लोंबत होती, चेन अर्धी उघडी. आत गुलाबी बिल्ला होता, आई-बाळाच्या चित्राचा. तसलंच चित्र माझ्या मागच्या काचेवर चिकटवलेलं होतं, ही जागा कोणाची ते सांगायला. मी समजलो. उठायला गेलो तर गुडघे सरळ करायलाही जागा नव्हती, आणि तू माझा खांदा दाबून म्हणालीस, "बाबा, बसा न चुपचाप, काहून उठून राहिले?" पुढची सहा स्टेशनं मी बसून होतो. गाडी वळली की चारी बाजूंनी लोक तुझ्यावर रेलायचे. तू एक हात पोटाशी धरला होतास.

तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. आईला तुझ्याच तोंडून कळू दे. कुणाला आपल्यासाठी उठावं लागू नये म्हणून तू बिल्ला बॅगेवर न लावता आत ठेवतेस, हे मी ओळखून आहे. हा भिडस्तपणा माझाच, आणि भीड भिकेची बहीण असते.

आता जे लिहितो ते कुणालाच सांगितलेलं नाही. तुझ्या आधी एक बाळ गेलं, एवढं तुला ठाऊक आहे. त्याच्या तीन दिवस आधी आम्ही खमरियाहून तपासणीला निघालो, तर बस कारखान्यातल्या माझ्या सेक्शनच्या लोकांनी भरलेली. गणपतने हाक मारून मला शेजारी जागा दिली. पाचव्या महिन्यातली तुझी आई दांडा धरून उभी. तिला बसवलं तर उद्या सगळे 'जोरू का गुलाम' म्हणतील, म्हणून मी बसून राहिलो. बसमुळे काही झालं नाही, असं डॉक्टर म्हणाले. आईने त्या जागेचा विषय आजवर काढला नाही, आणि मला तेच सोसत नाही. तू जागा माग, बाळा. लाज वाटली तरी माग. तुझ्या आईने त्या दिवशी एकदाच माझ्याकडे पाहिलं होतं, आणि मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

तुझाच,
बाबा