तारलीचं वजन

७ जानेवारी २०२५, मंगळवार

आकडा सांगत नाही! दोनदा विचारलं, सरळ विचारलं — डॉक्टर, वजनाच्या कुठल्या आकड्याला थांबायचं? तर ती डेल्सी, कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेली पोर, माझ्या मांजरीचं, तारलीचं तोंड उघडून हिरड्या बघत म्हणते, "असा आकडा नसतो मेस्त्री. तुम्हालाच कळेल."

कळेल म्हणजे? इंजिनातली बारीक फट, टॅपेटचा गॅप, 'कळेल' म्हणून सोडला तर होडी खडकांत जाऊन बसेल. मी आठवी नापास. इंजिनांची इंग्रजी पुस्तकं मांडीवर डिक्शनरी ठेवून वाचली, एकेक शब्द करून. पण आजवर एकाही गिऱ्हाइकाला 'कळेल' सांगून घरी पाठवला नाही.

दोन्ही किडन्या गेल्यात म्हणे. सतरा वर्षांचं मांजर, आता बरं व्हायचं नाही. रोज कातडीखाली सलाईन दिलं तर काही दिवस बरे जातील. नाहीतर इंजेक्शन, झोपेतच जाईल. हे दोन्ही तिने एकाच आवाजात सांगितलं, जसं काही मोठा बांगडा घेता की छोटा! चिठ्ठी लिहून दिली. ती खिशात कोंबली आणि निघालो.

तर आकडा मीच ठरवला. आजचं वजन २ किलो ४१० ग्रॅम. ज्या दिवशी २ किलो ३००च्या खाली जाईल, त्या दिवशी मी स्वतः इंजेक्शनला नेईन. त्याआधी नाही. कुणीही सांगो. इथे लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मलाच फिरवता येणार नाही.

८ जानेवारी, बुधवार

पहिलं सलाईन. १०० मिली. बाटली शेडमध्ये चेन-पुलीच्या हुकाला टांगली. आधी तपेल्यात कोमट केली — हे डेल्सीने सांगितलं नव्हतं, माझं मला सुचलं. सुई खांद्यांच्या मधे, कातडी चिमटीत धरून. पहिल्याच वेळी बरोबर गेली. तारली एकदाच गुरगुरली.

बायको सुगंधा दारात उभी. "तिच्या पाठीक अशी किती भोकां पाडतलास?"

मी म्हटलं, तू तुझी चूल बघ. वाईट बोललो. पण सुई धरलेली असताना कुणी बोलतं का!

९ जानेवारी, गुरुवार

२ किलो ५०५!! दोन दिवसांत ९५ ग्रॅम वाढली. सुकली होती बिचारी, दुसरं काय. म्हणे बरं होणार नाही!

काट्याबद्दल. हा काटा मी पिस्टन जुळवायला घेतला, एक ग्रॅमचा फरक दाखवतो. सकाळी तारली पारड्यात बसत नाही, पाय काढते, आकडा नाचतो. सलाईन दिल्यावर जड होऊन गप्प पडते, आकडा ठरतो. म्हणून वजन सलाईननंतर पाच मिनिटांनी. रोज त्याच वेळी, त्याच फडक्यावर, फडक्याचे ६२ ग्रॅम वजा करून. मोजायचं तर असं मोजावं.

११ जानेवारी, शनिवार

२ किलो ४८०.

होडीवाला स्टॅनली त्याचं दुसरं, जोडीचं इंजिन दुरुस्तीला घेऊन आला. बाटली टांगलेली बघून हसतो — "मेस्त्री, मांजराक सलाईन लावतास, माझ्या इंजिनाक निदान ऑइल तरी घाला!" चार खलाशी होते, तेही हसले. मी पाना खाली ठेवला आणि सांगितलं, इंजिन उचल आणि जा. गेला नाही. 

स्टॅनलीच्या होडीचा आवाज तारलीला कळतो. सतरा वर्षांत कधी चुकली नाही. होडी वळसा घालून आत येईपर्यंत ही किनाऱ्यावर, दांड्यावर हजर — स्टॅनली तिला बांगड्याचं डोकं टाकतो. आज होडी आली, ती उठली नाही. भिंतीकडे तोंड करून पाण्याच्या वाटीजवळ बसून राहिली. स्टॅनलीने डोकं आणून पुढ्यात ठेवलं. वास घेतला आणि मान फिरवली.

थंडी आहे. पण वजन २.४८० आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

२.४५५. संक्रांत. सुगंधाने तिळगूळ दिला — "घ्या. आज तरी गोड बोला." खाल्ला. बोललो नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

२.४४५. तोंडाला वास येतो. बाकावर उडी मारायला गेली, जेमतेम निम्म्यापर्यंत पोचली आणि पडली. पडून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मीही दुसरीकडे बघितलं. खोकी लावून तिच्यासाठी पायऱ्या केल्या — चार इंच, चार इंच, चार इंच.

डेल्सीला फोन केला. म्हणाली, उद्यापासून १५० मिली द्या. मग म्हणते, "मेस्त्री, खाते का?" मी म्हटलं, वजन विचारा. "खाते का ते सांगा." फोन ठेवला.

१८ जानेवारी, शनिवार

२.४९०! बघा. १५०चा गुण एका दिवसात.

२० जानेवारी, सोमवार

२.४४५.

आज डोकं फिरलं. सुगंधा गावच्या देवळात जाऊन कौल लावून आली! मांजरासाठी! मला विचारलंही नाही. गुरवाने पाषाणाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या, उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आता सगळ्या गावाला कळलं असणार की धनेश मेस्त्रीच्या मांजराचा निकाल देव लावतोय.

"उजवो कौल इलो," म्हणाली. खाली बघत. "देव सांगता, तिका सोडा आता."

मी नाही नाही ते बोललो. ओल्या पाकळीला उजवं-डावं कळतं? जिला पाणी जास्त लागलं ती जड, ती आधी पडणार! देव कुठून आला यात? मी रोज सकाळी ग्रॅमने मोजतो आणि ही पाकळीने मोजते. काटा दोन-चारशे पंचेचाळीस दाखवतोय. माझी रेषा दोन-तीनशेची. जोवर काटा सांगत नाही तोवर देवाचं, डॉक्टरचं, कुणाचंही ऐकणार नाही.

सुगंधा उठून चुलीकडे गेली. एरवी एकाला दोन देते. आज नाही.

२२ जानेवारी, बुधवार

सकाळी २.४३०.

संध्याकाळी पाच वाजता डेल्सीकडे तपासायला नेली. तिच्या काट्यावर २.२७०. मी म्हटलं, तुमचा काटा चुकतोय. म्हणाली, नाही. एकशे साठ ग्रॅमचा फरक आणि म्हणे नाही! मासळीवाली सुद्धा वजनात एवढं मारत नाही!

"मेस्त्री," ती म्हणाली — या वेळी ऑफिसची भाषा सोडून — "तुमी वजन कधी करतास?"

"रोज सकाळी. रोज त्याच वेळी," मी म्हटलं. मला वेळ विचारते! मला! पुढे काहीतरी बोलत होती, मी पिंजरा उचलून बाहेर आलो.

२३ जानेवारी, गुरुवार

सरकारी शिक्क्याचं एक किलोचं लोखंडी वजन घेतलं. आधी माझ्या काट्यावर ठेवलं. १०००. मग पिशवीत घालून डेल्सीच्या दवाखान्यात. ती ऑपरेशनला आत होती. बाहेरच्या पोरीला म्हटलं, बाजूला हो. ठेवलं.

१०००.

दोन्ही काटे बरोबर. मग एकशे साठ ग्रॅम मांजर गेलं कुठे? दिवसभर इंजिनाला हात लावला नाही. स्टॅनली दोनदा डोकावून गेला.

२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळी सलाईन चालू होतं. सुगंधा चहा घेऊन आली. बाटलीकडे बघत, सहज — भांडायला नाही, खरंच विचारायला — म्हणाली, "तुमी इतक्या पाणी घालतास, तां खंय जाता मगे?"

"जाता खंय! अंगात ऱ्हवता."

"मगे वजन पाण्याचा की तिचा?"

मी म्हटलं, जा आत.

ती गेली. मी बाटलीकडे बघत राहिलो. १५० मिली.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तिसरीतल्या पोराला विचारा, सांगेल.

रागाने कपाटातले सगळे कागद काढले. डेल्सीची ७ तारखेची चिठ्ठी सापडली. तिच्या मागच्या बाजूला मी स्टॅनलीच्या इंजिनाचे गॅप लिहिलेत. पुढची बाजू वाचलीच नव्हती. कशाला वाचायची, तिच्याकडून मी काय शिकणार! तिसरी ओळ: 'वजन रोज सलाईनच्या आधी घेणे.' आणि 'आधी'खाली दोन रेघा.

२५ जानेवारी, शनिवार

सलाईन दिलं नाही. तारलीला काट्यावर ठेवलं. आकडा नाचलाच नाही. पाय काढायची ताकद कुठे राहिलीय तिला.

२ किलो २३५.

मग वही घेऊन बसलो आणि मागचे सगळे आकडे दुरुस्त केले. शंभरवाल्या दिवसांतून शंभर वजा, दीडशेवाल्यांतून दीडशे. ९ तारखेला २.४०५. वाढली नव्हती, पाच ग्रॅम घटली होती! ११ला २.३८०. १४ला २.३५५. १८ला २.३४०. २०ला २.२९५.

वीस तारखेला माझी रेषा ओलांडली होती. मी देवळावरून ओरडत होतो तेव्हा. त्या दिवसाची धरून पाच सुया मी तिला उगाच टोचल्या. पाच. कोमट करून.

आणि पायऱ्या केल्या! चार-चार इंचाच्या! म्हणजे डोळ्यांना दिसत होतं. लिहिलंयसुद्धा मी. 'उठली नाही.' 'मान फिरवली.' 'बघितलंसुद्धा नाही.' माझंच अक्षर. या गाढवाने लिहिलं आणि पुढे वजन लिहून रेघ मारली.

डेल्सीला फोन केला. चूक सांगितली, आकड्यांसकट. मला वाटलं आता ऐकवेल. मी ऐकवलं असतं. ती म्हणाली, "उद्या सुट्टी आहे, तरी मी घरी येते. तिला दवाखान्यात आणू नका."

२६ जानेवारी, रविवार

दहा वाजता आली. बाकावर माझा जुना ग्रीसचा शर्ट पसरला होता, तारली त्याच्यावर. तो वास तिला माहीत आहे. सतरा वर्षांपूर्वी पावसात भिजून इंजिनाच्या खोक्यात शिरली तेव्हा याच वासात झोपली होती. तारली मासळीएवढीच होती, म्हणून तेच नाव.

डेल्सीने विचारलं, "मेस्त्री, वजन करायचं?"

"नको."

दोन इंजेक्शनं. पहिल्यानंतर डोळे अर्धे मिटले. दुसऱ्यानंतर मी हात पाठीवर ठेवला होता. सुयांच्या जागी लहान लहान गाठी हाताला लागल्या. मोजल्या नाहीत.

स्टॅनलीची होडी तेवढ्यात वळसा घालून आत आली. मी तारलीच्या कानाकडे बघितलं. हलला नाही.

माडाखाली तीन फूट खणलं. स्टॅनलीने फावडं मागितलं, दिलं नाही. तो बाजूला बांगडा हातात धरून उभा राहिला. मग तो बांगडाही आत ठेवला.

२७ जानेवारी, सोमवार

सकाळी पाणी तापवलं. मग आठवलं. त्याचा चहा केला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज जेवताना सुगंधा म्हणाली, "तुमका एक सांगूचा आसा. रागवा नुको."

कौल लावताना तिने देवाला विचारलं होतं — माझी तारली जगतली काय? आणि पाकळी उजवीच पडली होती. जगतली.

मी घास खाली ठेवला. "मगे माका उलटा कित्याक सांगितलंस? देवाचा नाव घेऊन?"

ती ताटात भात वाढत राहिली.

"तिका मी बघलंय," म्हणाली. "देवान खंय बघल्यान?"