भरवशाचं माणूस

सोमवार

ताईकडे येऊन पोचलो. बॅग ठेवली, चहा घेतला आणि आधी ही वही काढली. रोज चार ओळी लिहा, मन गुंतून राहतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. चार ओळींत माझं कधी भागलंय म्हणा!

सकाळी दवाखान्यात माझा निकाल लागला. दारू सोडायचे उपचार घरी राहून घ्यायचे की वॉर्डात भरती व्हायचं, हे ठरवायला बाईंनी मला उलटासुलटा तपासला. नाडी, रक्तदाब, जीभ, पुढे धरलेल्या हातांची बोटं. रोज किती घेता, याआधी सोडली तेव्हा फिट आली होती का, भास झाले होते का. यातलं काहीच कधी झालं नव्हतं आणि मी खोटंही बोललो नाही. वॉर्डाचं दार उघडं होतं. आत एकाचे हात खाटेला पट्ट्यांनी बांधले होते आणि तो छताकडे बघून कुणाची तरी माफी मागत होता. देवा, तेवढं एक चुकव, असं मी मनात म्हणत होतो.

शेवटी बाईंनी घरचं विचारलं. घरी उपचार करायचे तर चोवीस तास सोबत राहणारं, न पिणारं, भरवशाचं माणूस लागतं. गोळ्या त्यानंच आपल्या हातानं द्यायच्या, पेशंटच्या हाती पाकीट पडू द्यायचं नाही. माझी बायको मुलीला घेऊन केव्हाच माहेरी गेलीय. दारू पुरती सोडून ये, मग दार उघडते, एवढंच ती म्हणाली. माझ्यावर इकडेतिकडे तोंडं पाहायची वेळ आली. तेवढ्यात सोबत आलेली ताई उठून उभी राहिली, मी आहे म्हणाली. बाईंनी तिला एकच विचारलं, तुम्ही कधी घेता का? ताईनं असं काही बघितलं की बाईच ओशाळल्या. झालं, मी पास.

निघताना बाईंनी ताईला बजावलं की हा विनवण्या करेल, रडेल, तुमच्यावरच आळ घेईल, तिकडे लक्ष द्यायचं नाही. सगळ्यात जोरात मान मीच डोलावली.

ताईचं घर दुसऱ्या मजल्यावर, खाली लाँड्री. माझी खोली मागच्या अंगाला, खिडकीतून वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी दिसतात. भाऊजी गेल्यापासून ही खोली बंदच होती. ताईनं फिनेलनं पुसून घेतलीय. पिणारे मित्र नकोत म्हणून माझा फोन तिच्याकडे. नर्स रोज तिच्या फोनवर चौकशी करणार आणि शुक्रवारी स्वतः येऊन बघून जाणार. मी कवळ्या बनवतो, लोकांच्या तोंडात दात बसवतो. हात स्थिर झाले की पुन्हा कामावर आणि मग लेकीकडे. बरं वाटतंय. खरंच खूप बरं वाटतंय.

मंगळवार

झोप नाही. घामानं गादी ओली. दाढी करायला गेलो आणि हनुवटीवर दोनदा कापलं. हे असं होणारच, बाईंनी सांगितलं होतं. गोळ्यांनी गुंगी येईल असंही सांगितलं होतं, पण मी टक्क जागा. गोळी मात्र झकास आहे, गोडसर, चघळावी अशी. ताई समोर उभी राहून देते, पाणी प्यायला लावते आणि तोंड उघडून दाखवायला सांगते. दुसऱ्यांच्या तोंडात बघण्यात माझं आयुष्य गेलं, आता ही माझ्या तोंडात बघते.

नर्सचा फोन आला तेव्हा मीच मागून घेतला. एकदम ठणठणीत आहे, ताई गोळ्या अगदी चोख देते, म्हणालो. कुरकुर केली तर वॉर्डात टाकतील ही धास्ती. नर्स खूश झाली. असं घर सगळ्यांना मिळत नाही म्हणाली.

फोन ठेवल्यावर ताईनं डोक्यावरून हात फिरवला. लहानपणी ताप आला की असाच फिरवायची. मला भरून आलं.

बुधवार

ताटातल्या भातात दात होते.

भातच होता. मला कळतंय की भातच होता. पण शितं नव्हती, सुळे होते, दाढा होत्या, मुळासकट. मी ताट ढकललं. ताईनं सगळं पुसून घेतलं.

भास सुरू झाले की विचारत बसू नका, थेट वॉर्डात आणा, असं बाईंनी तिला माझ्यासमोर सांगितलं होतं. मी ताईला म्हटलं, चल, आता वॉर्ड चालेल, बांधलं तरी चालेल. ती म्हणाली, असलं काही बोलू नकोस, नेतील तुला. दुपारी नर्सचा फोन आला. मी दारापर्यंत गेलो तोवर ताईनं सांगून टाकलं होतं. जरा थरथर आहे, बाकी छान. जेवला पोटभर.

पेन धरवत नाही. अक्षर पाहा.

गुरुवार

कोरडा टॉवेल हवा होता. ताई आंघोळीला गेलेली म्हणून तिच्या कपाटात बघितलं. टॉवेलांच्या खाली औषधांच्या दुकानाचं पाकीट. माझं नाव. पिन तशीच, उघडलेलंच नाही. पिन काढली. आत गोळ्यांच्या पट्ट्या, एकही गोळी काढलेली नाही. शेजारी घशाच्या गोळ्यांची बाटली, अर्धी संपलेली. पांढऱ्या, गोड.

ती केस पुसत बाहेर आली. लाजली नाही, दचकलीही नाही. माझ्या हातातून पाकीट काढून घेतलं. मग खाटेवर बसवून, पाणी देऊन, अगदी मायेनं म्हणाली,

“तुझ्या भाऊजींना मी वेळच्या वेळी दिल्या रे गोळ्या. बाटली सुटली आणि गोळ्या चिकटल्या. मग दोन्ही. याच खाटेवर गेले ते. तुझं मी तसं होऊ देणार नाही. जे काही निघायचंय ते पूर्ण निघू दे.”

मरेन मी, म्हटलं. तू असंही म्हणशील, हे बाईंनी सांगितलं होतं, म्हणाली.

तिला मी मरायला नकोय. हेच भयंकर आहे. तिचे डोळे भरले होते.

गुरुवार, संध्याकाळ

ती दूध आणायला वळली तेवढ्यात जिना उतरलो. लाँड्रीवाल्याला सगळं सांगितलं. गोळ्या देत नाही, दवाखान्यात फोन करा, हात जोडतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. खांद्यावर हात टाकला आणि मला वर आणून सोडलं. बहिणीवर असा आळ घेऊ नये म्हणाला. ताईनं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, मी काय काय बोलेन ते. अगदी शब्दन् शब्द.

आता दाराला बाहेरून कडी आहे. उद्या नर्स येणार. नर्सनं नुसते माझे हात बघितले तरी—

शुक्रवार

जमिनीवर होतो. कसा पडलो माहीत नाही. तोंडात रक्त. जीभ चावली गेलीय, सुजून टाळूला लागलीय. शब्द फुटत नाही. ताईनं तोंड पुसलं, उशीचा अभ्रा बदलला. निघतंय बघ, म्हणाली.

चादरींवर दात. ओळीनं. खिडकीतल्या चादरी चावतायत. नाहीत. चादरीच आहेत. चादरीच—

बेल.

नर्स आली! आवाज तिचाच. लिहितोय म्हणजे भान सुटणार नाही—

ताई सांगतेय, आत्ता कुठे डोळा लागलाय. नर्स म्हणते, वा, झोप लागली म्हणजे जिंकलंच, उठवू नका. मी ओरडलो. नुसती हवा निघाली. पेला भिंतीवर आपटतोय. आपटतोय. नर्सनं विचारलं, कसला आवाज? ताई म्हणाली, खालच्या लाँड्रीचं मशीन, दिवसभर असंच.

खरंच तसाच येतो—

पेला फुटला. आता मूठ. मुठीतून रक्त—

नर्स चहा घेतेय. हसतेय. विचारतेय, आमच्याकडे आणखी एक पेशंट आहेत, घरी कुणीच नाही हो त्यांच्या, तुमच्यासारखं माणूस मिळालं तर बाई त्यांनाही वॉर्डात न घालता—

ताई म्हणाली,

“आणा की. खोली उद्यापर्यंत रिकामी होईल.”

नर्स म्हणते, इतके लवकर बरे झाले?

नाही. नाही. बाई, इकडे— दोन पावलं— दार—

पायापासून पुन्हा सुरू. अंगठा. पोटरी. आकडी येते—

जिना उतरली. गेली.

कडी काढतेय ताई. हातात टॉवेल, घडी घालून जाड केलेला. तोंडात धर म्हणतेय, राजा, घट्ट धर, आता शेवटचं एकदा निघू—