गुरूवरचा माझा डाग

प्रिय ठके,

दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या बहिणीला पत्र कोण लिहितं, असं तुझी वहिनी म्हणतेय. म्हणू दे. फोनवर तू रोज एकच गोष्ट विचारतेस, आणि मी जेवणाखाण्याचं काहीबाही सांगून वेळ मारून नेतो. म्हणून आज लिहायलाच बसलो.

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला डोळ्यांचा माज असतो, तो मला होताच. तुझ्या परसातल्या दुर्बिणीतून गुरूवर काळा डाग दिसला, तेव्हा मी गल्लीभर सांगत सुटलो. तू समजावलंस, की एखाद्या चंद्राची सावली असेल तर दोन-तीन तासांत सरकून जाते. माझा डाग सलग तीन संध्याकाळी ठाण मांडून होता. मग तू दुर्बिणीला कॅमेरा जोडलास, हजारो फोटो काढलेस, नितळ तेवढे निवडून एकावर एक बसवलेस. गुरू आला पट्ट्यापट्ट्यांचा, नुकता धुतल्यासारखा. डाग कुठेच नाही. मी म्हणालो, तुझा कॅमेरा आंधळा आहे आणि शाळेत विज्ञान शिकवून तुला शिंगं फुटलीत. धाकट्या बहिणीला असं बोलायला जीभ कशी रेटली, कोण जाणे.

तू भांडली नाहीस. मला स्वयंपाकघरात नेलंस, डावा डोळा झाकायला लावलास आणि भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगितलंस. मीच दुरुस्त करून दिलेलं घड्याळ, आणि त्याचे काटे मधोमध गायब. दुकानात भिंग कायम डाव्या डोळ्याला, दुर्बिणीला मात्र उजवा लावलेला; त्यामुळे उजव्याच्या पडद्याला भोक पडलंय हे मला कळलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात.

ऑपरेशननंतर भोक नीट बुजावं म्हणून आठ दिवस पालथं पडून राहायचं होतं. आकाश बघायला निघालेला माणूस फरशी बघत बसला. तू शाळा सुटली की यायचीस, जमिनीवर बसून पेपर वाचून दाखवायचीस, शब्दकोडंसुद्धा सोडायची नाहीस. तेव्हा आभार मानले नाहीत, कारण मला भीती वाटत होती. पुन्हा नीट दिसलंच नाही तर तुला काय सांगू, म्हणून तुझा प्रश्न टाळत राहिलो.

आज सकाळी तुझा तो फोटो दुकानाच्या टेबलावर ठेवला आणि गुरूचे पट्टे मोजले. चार भरले. बरोबर ना? या पत्राच्या ओळी जरा वाकड्या गेल्यात, तेवढं चालवून घे. पहिल्या शब्दापासून इथपर्यंत डावा डोळा झाकून लिहिलंय.

तुझाच,
तोंडाळ पण ऋणी दादा