सुलोचनाच्या तब्येतीचं इन्स्पेक्शन

२ जानेवारी २०२३, सोमवार, सकाळी ६.१०
नवीन डायरी. कालच सुरू करणार होतो, पण काल विहारात कार्यक्रम होता.
संकल्प एकच. बायकोचा आजार आता माझ्या चार्जमध्ये. सुलोचनाचं ऑपरेशन झालं, डावं स्तन काढलं, किमो झाली, केसही परत आले. आता फक्त रोज एक हार्मोनची गोळी, पाच वर्षं. नागपूरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, एकही दिवस चुकवू नका, आजार परत येऊ नये म्हणूनच ती आहे. मी म्हटलं, मॅडम, सव्वीस वर्षं फॅक्टरीत लोखंडी पार्टच्या क्वालिटी चेकिंगमध्ये काढली, माझ्या नजरेतून डिफेक्ट सुटत नाही. मॅडमनं पुढच्या पेशंटला बोलावलं. इम्प्रेस झाल्या असाव्यात.

५ जानेवारी
फ्रिजवर चार्ट लावला. तारीख, गोळी, माझी सही. सलग तीन रात्री समोर उभा राहून गोळी गिळताना पाहिली. तोंड उघडायला लावलं. सुलोचना म्हणाली, मी का लहान लेकरू आहो? मी म्हटलं, सिस्टम म्हणजे सिस्टम.
तीनपैकी तीन पास. सॅम्पलिंगच्या नियमानं अख्खा लॉट ॲक्सेप्ट. आता रोज पाहायची गरज नाही. दर रविवारी एकदम सात सह्या करीन.

१५ जानेवारी, रविवार
सात सह्या केल्या.
सुलोचना वंदनेला आली नाही. म्हणते, खाली बसवत नाही. गुडघे असतील. खुर्ची देतो म्हटलं तर म्हणाली, खुर्चीवरही नाही बसवत. आता याला काय म्हणायचं? आळस. मॉर्निंग वॉक सुरू करायला लावायचा. मीही जाईन. सोमवारपासून.

२४ जानेवारी
वॉकला गेलो नाही. थंडी फार.
सुलोचना आजकाल माझ्या स्कूटरवर बसत नाही. जवळच्या शहापूरला बहिणीकडे बसनं जाते. ती बहीण, आनंदाबाई, सांगत होती की जागा असून उभ्यानं येते. म्हणजे माझ्या ड्रायव्हिंगवर भरवसा उरला नाही. मनाला लागलं. आजपर्यंत एक चालान नाही माझ्या नावावर.

३० जानेवारी
काल सात सह्या केल्या.
सुलोचना आता रीनाच्या खोलीत झोपते. पोरगी नागपूरला शिकते, खोली रिकामीच असते. कारण विचारलं नाही, कारण माहीत आहे. मी घोरतो. सेक्शनमधला हिरालाल म्हणाला, नाकात तेल सोड. सोडून राहिलो. पलंग मोठा वाटते.

६ फेब्रुवारी
मोठा शोध. बाथरूममध्ये कपड्यांमागं खाजेच्या पावडरचा डबा सापडला. लपवलेला. म्हणजे स्वच्छतेचा प्रॉब्लेम. किमोच्या वेळी सांगितलंच होतं, इन्फेक्शनपासून जपा.
संध्याकाळी अँटिसेप्टिकच्या दोन मोठ्या बाटल्या आणल्या. बाथरूममध्ये पाटी लावली: दिवसातून तीन वेळा, न चुकता. सुलोचनानं पाटी वाचली, माझ्याकडं पाहिलं. पहिल्यांदा माझ्या एखाद्या सूचनेवर वाद झाला नाही. प्रगती आहे.

११ फेब्रुवारी
बाटली अर्धी झाली. सुलोचना मनावर घेऊन राहिली. डोळे सुजल्यासारखे दिसतात. कांदे कापत असेल.

१४ फेब्रुवारी, मंगळवार
नागपूरला चेकअप. फाइल नेहमीसारखी माझ्याकडं. मी मॅडमच्या समोरच्या खुर्चीवर, सुलोचना मागच्या स्टुलाजवळ उभी.
मॅडम तिला विचारत होत्या, खालच्या जागेला कोरडेपणा? खाज, आग? पांढरं जाते का? जवळ येताना दुखते का? कोणी असं विचारते का बाईमाणसाला, नवऱ्यासमोर? वातावरण हलकं करावं म्हणून मीच चारही उत्तरं दिली. नाही, नाही, नाही, नाही. सुलोचनानं तोंड उघडलं होतं, मी म्हटलं, मॅडमचा टाइम नको घेऊ, बाहेर लाइन आहे.
मग मॅडम म्हणाल्या, या गोळीनं काही बायकांच्या त्या जागेतले चांगले जंतू कमी होतात, त्यावर आमचा अभ्यास चालू आहे. कापसाच्या काडीनं नमुना घेतो, यांचा देणार का? मी म्हटलं, मॅडम, आमच्या घरी चांगले-वाईट कुठलेच जंतू नाहीत, मी जातीनं लक्ष देतो. मॅडमनं पेन खाली ठेवलं आणि सुलोचनाकडं पाहत राहिल्या. सुलोचना जमिनीकडं.
येताना बसमध्ये तिच्यासाठी जागा धरली, वर बॅग ठेवली, दोघांशी भांडलो. ती भंडाऱ्यापर्यंत उभीच आली. बायकांचं काही समजत नाही.

२१ फेब्रुवारी
रीना अचानक आली. आनंदाबाई तर दुपारपासूनच आहे. तिघी आतल्या खोलीत, दार बंद. मी पाणी पाहिजे का विचारायला गेलो तर गप्प. माझ्याच क्वार्टरमध्ये मी पाहुणा.

२२ फेब्रुवारी
रीनानं विचारलं, बाबा, आईच्या गोळीचं कोण पाहते? मी चार्ट दाखवला. एकही खाडा नाही. तिनं गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवली. म्हणाली, मोजा.
मोजल्या. परत मोजल्या. हिशोबापेक्षा चौतीस जास्त शिल्लक. १९ जानेवारीपासून सुलोचनानं एकही गोळी घेतलेली नाही. चौतीस दिवस. चार्टवर सह्या माझ्या.
मी म्हटलं, दुकानदारानं जास्तीच्या दिल्या असतील.
मग आनंदाबाईनं सांगितलं. गोळी घेतल्यापासून खाली कोरडं पडलं, आग होते, बसलं की टोचते, लघवीला जायची धास्ती वाटते. गोळी सोडून पाहू, म्हणून सोडली. जरा उतार पडत होता, तेवढ्यात तुमच्या बाटल्या आल्या. तिनं तीन-तीनदा धुतलं, साल निघाली बाईची.
मी म्हटलं, मग धुतलं काहून? आनंदाबाई म्हणाली, तिले वाटलं, तुमाले तिचा वास येते. म्हणूनच बाटली आणली, न बोलता. म्हणे, एक अंग तर कापूनच टाकलं, आता हेही सडलं असं वाटत असन यायले.
मला कधीच कुठला वास आला नव्हता. हे मी आनंदाबाईला सांगितलं. आतल्या खोलीत जाऊन सांगायला पाहिजे होतं.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार
नागपूर. मॅडमनं फाइल माझ्या हातून घेतली. म्हणाल्या, पेशंट एकटीच आत येईल. चाळीस मिनिटं मी बाकावर. आत चाळीस मिनिटं बोलण्यासारखं तिच्याकडं एवढं काय होतं?
शेवटी मला दोन मिनिटं बोलावलं. मॅडम म्हणाल्या, तिथं दह्यातल्यासारखे जंतू असतात, तेच त्या जागेची राखण करतात. या गोळीनं हार्मोन घटले की तेही घटतात. उरलेसुरले तुमच्या बाटलीनं गेले. यापुढं तिथं साधं पाणी, बाकी मी सांगेन ते. याला औषध आहे, गोळीही बदलून देता येते. हे पहिल्याच दिवशी समजलं असतं तर गोळी सुटली नसती.
मी विचारलं, त्या चौतीस दिवसांनी काही झालं तर? मॅडम म्हणाल्या, आज सांगता येत नाही, तपासण्या वेळेवर करत राहू.
अभ्यासाच्या फॉर्मवर सुलोचनानं सही केली. मला न विचारता.

२६ फेब्रुवारी, रविवार
बाटल्या नालीत ओतल्या. चार्टवर आता सुलोचना स्वतः सही करते.
मला भीती वाटते. तपासण्यांची वाटते, आणि तिच्याशी बोलायचीही वाटते. सव्वीस वर्षांत शिकलो ते सगळं लोखंडाला लागू पडते.
संकल्प: आज स्वतः विचारायचं, कसं वाटून राहिलं. सकाळी दाढी करताना वाक्य पाठ केलं. वास येत नाही, हेही सांगायचं.
दुपारी ती ओट्याशी उभी राहून तांदूळ निवडत होती. जवळ गेलो. म्हटलं, सुलोचना. ती म्हणाली, काय जी. हात थांबवून माझ्याकडं पाहत राहिली.
मी विचारलं, तांदूळ नवा आहे की जुना?
ती म्हणाली, जुना.