चित्र्याच्या गोळ्या

बन्सी,

मी शाळेच्या कामानं बोरीला जायलेय. नामांतराच्या मोर्च्यानं गाड्या बंद न्हाई झाल्या तर उद्या येते. तू आलास की आधी चित्र्याचं पोट बघ. गोचिडाच्या तापानं कुत्र्याची पाणथरी, डॉक्टर प्लीहा म्हणतात ती, फुगलीय. उड्या मारू देऊ नको, धक्का बसला तर ती आतल्या आत फुटते. हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर तसाच परभणीला दवाखान्यात ने.

गोळी दिवसाला एक. माझ्या हातून त्यानं एकबी घेतली न्हाई. आबा वारल्यापासून तो कुणाच्याच हातचं खाईना. पण चार दिवस झाले, मी शाळेतून येते तर पाकिटातली एक गोळी कमी असते, आन् आबांची पितळी वाटी त्याच्यापुढं, दुधानं ओली. माय पिंगळीला मावशीकडं हाय. कुलूप मी सोता लावून जाते.

काल डॉक्टरांनी पोट चाचपलं. म्हणाले, "सूज लय उतरली. गोळ्या नेमानं चारल्या तुमी." मी हो म्हणाले.

दुसरी किल्ली तुझ्यापाशी हाय. मधी येऊन गेला असशील तर सांग. आला नसशील तर मायला काही बोलू नको. चुलीपाशी थोडं दूध झाकून ठेवलंय, ते तू पिऊ नको.

तुझी अक्का,
मनकर्णा